वजडी पचते, मग आपलं पोट का पचत नाही?



आजचा विषय जरा बुळबुळीत आहे. कुणी जेवायला बसलं असेल तर आवाज थोडा कमी करा. स्वयंपाक चालू असेल तर मात्र ऐका, कारण गोष्ट सुरू होते ती स्वयंपाकघरातच.

ज्यांच्या घरी मटण शिजतं त्यांना वजडी सांगायला नको. बकऱ्याचं पोट आणि आतडी. ती साफ करायचं काम बहुतेक घरांत बायकांकडेच येतं. गरम पाण्यात बुडवायची, चुना लावून चोळायची, सुरीनं खरवडायची, पुन्हा धुवायची. हाताला लागणारा तो चिकट, निसरडा थर पूर्ण जाईपर्यंत सुटका नाही. शाकाहारी मैत्रिणींनी भेंडी चिरताना बोटांना लागतं ते आठवावं. मग हळद-मीठ घालून उकडायची, वाटण लावायचं, आणि भाकरीबरोबर खायची. खाल्ली की दुसऱ्या दिवसापर्यंत पचलेली असते.

मध्यंतरी एका शाळेत बोलायला गेले होते. सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, बकऱ्याचं पोट आपल्या पोटात पचतं. मग आपलं पोट आपल्याच पोटात का पचत नाही?" सगळा वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. याच प्रश्नावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी दोनशे वर्षं डोकं खाजवलंय. आणि उत्तराचा मोठा भाग होता त्याच थरात, जो आपण चुना लावून खरवडून टाकतो.

या थराला आपल्याकडे जुना शब्द आहे, श्लेष्मा. संस्कृतमध्ये श्लिष् म्हणजे चिकटणं, मिठी मारणं. आयुर्वेदानं पोटात राहणाऱ्या कफाला क्लेदक कफ म्हटलं आणि अन्न ओलं करण्याचं काम त्याला दिलं. घरात मात्र आपण दुसराच शब्द वापरतो, आव. "आव पडते का गं?" असं आजी विचारायची, तेव्हा ती आतड्यातल्या याच चिकट पदार्थाबद्दल विचारत असायची. म्हणजे तो बाहेर पडला, आजार झाला, की आपल्याला दिसणार. एरवी तो आत आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. शास्त्रज्ञांचंही फार वेगळं नव्हतं.

आधी हे कळायला हवं होतं की पोट अन्नाचं करतं काय. जुनी समजूत अशी की पोट जात्यासारखं दळतं, किंवा चुलीसारखं शिजवतं. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाकडे एक पाळलेली घार होती. घार न पचलेलं ओकून टाकते. त्यानं धातूच्या छोट्या नळीत मांस भरून तिला गिळायला लावलं. नळीमुळे मांस दळलं जाणं शक्य नव्हतं. तरी नळी बाहेर आली तेव्हा मांस विरघळायला लागलेलं होतं. १७५२ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. म्हणजे पोटात काही तरी रस आहे. पुढे १८२४ साली लंडनच्या विल्यम प्राउट यांचा निबंध आला, की या रसातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. फरशी घासायच्या ॲसिडच्या बाटलीत असतं तेच, फक्त बरंच पातळ.

आता प्रश्न खरा अवघड झाला. मांस विरघळवणारं ॲसिड ज्या पिशवीत आहे, ती पिशवीही मांसाचीच.

लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे नावाजलेले शल्यवैद्य होते. त्यांनी पुष्कळ प्रेतं फाडून पाहिली होती. १७७२ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक विचित्र गोष्ट मांडली. काही माणसांच्या पोटाला मेल्यानंतर आतून भोक पडलेलं असतं. त्यातला एक माणूस चांगला धडधाकट होता. रात्री पोटभर जेवला आणि लगेच डोक्यात लोखंडी सळईचा एक घाव बसून जागीच गेला. त्याला पोटाचा काही आजार नव्हता. मग भोक कसं पडलं? हंटर म्हणाले, त्याच्या पोटानं स्वतःलाच पचवलं. जिवंत असेपर्यंत पोटात एक जीवनशक्ती असते, ती पोटाला वाचवते. जीव गेला की संरक्षण गेलं.

ऐकायला बरं वाटतं, पण "जिवंत आहे म्हणून पचत नाही" हे उत्तर म्हणजे "गाडी चालते कारण ती चालू आहे" असं म्हणण्यासारखं झालं. पुढे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी कुत्र्याच्या पोटाला भोक ठेवून त्यातून जिवंत बेडकाचे मागचे पाय आत सोडले. बेडूक बाहेर जिवंत आणि पाय आत विरघळले. प्रयोग क्रूर होता, त्याबद्दल दुमत नको. पण हंटर यांची जीवनशक्ती त्यात निकालात निघाली. बर्नार यांनी मग पोटातल्या चिकट थराकडे बोट दाखवलं. हा थर म्हणजे जणू चिनी मातीचं भांडं आहे, रस त्यातून झिरपत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे १८५६ च्या सुमाराचं. उत्तराच्या इतकं जवळ येऊनही पुढची शंभर वर्षं बहुतेकांचं लक्ष रसाकडेच राहिलं, भांड्याकडे नाही.

बर्नार यांच्या आधी एका माणसानं हे भांडं जिवंत माणसात डोळ्यांनी पाहिलं होतं. ती गोष्ट थोडी सावकाश सांगते.

६ जून १८२२. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांमधलं मॅकिनॅक नावाचं बेट. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं दुकान, दुकानात गर्दी. कुणाच्या तरी हातातली बंदूक चुकून उडाली आणि ॲलेक्सी सें मार्तां नावाचा विशीच्या आतबाहेरचा पोरगा पडला. कॅनडातला हमाल-नावाडी, गरीब, लिहिता-वाचता न येणारा. डाव्या बरगड्यांखाली मोठी जखम, आणि त्यातून सकाळी खाल्लेलं अन्न बाहेर आलेलं. लष्कराचे डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आले. पोरगा जगेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तो जगला. जखम भरली, पण पोटाचं भोक कधीच बुजलं नाही. आतल्या त्वचेचा एक पडदा त्यावर आला. बोटानं तो आत ढकलला की थेट पोटात पाहता येई.

बोमाँट यांनी त्याला घरी ठेवून घेतलं, घरकाम दिलं, लाकडं फोडायला लावलं, आणि १८२५ पासून त्याच्यावर प्रयोग सुरू केले. रेशमाच्या दोऱ्याला मांस, शिळा पाव, कोबीचा तुकडा बांधून आत सोडायचे आणि तासातासानं बाहेर ओढून बघायचे. त्या पोराला मळमळे, डोकं दुखे, तो चिडे. न सांगता तो कॅनडाला निघून गेला. लग्न केलं, मुलं झाली. मग पैशाच्या गरजेपोटी १८२९ मध्ये बायको मारी आणि मुलांना घेऊन परत आला. १८३१ मध्ये पुन्हा सगळे होडीतून घरी गेले. बोमाँट यांच्या पुस्तकात त्याच्या पोटाचं तापमान आहे, रसाची चव आहे. मारीनं हे सगळं कसं काढलं, ते तिचं तिनं सांगितलेलं मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

१८३३ साली ते पुस्तक आलं. त्यात बोमाँट लिहितात की निरोगी पोटाचा आतला भाग फिकट गुलाबी, मखमलीसारखा दिसतो आणि त्यावर कायम एक पातळ, पारदर्शक, चिकट थर पसरलेला असतो. अन्न टाकलं की त्या थरातून चकचकीत थेंब वर येतात, तो पाचक रस. ताप आला, दारू जास्त झाली, की तोच भाग लाल, कोरडा, चट्टे पडलेला दिसतो. म्हणजे थर बिघडला की आतली त्वचा बिघडते, हे निरीक्षण तेव्हाच झालं होतं. पण पुस्तक गाजलं ते पाचक रसासाठी.

सें मार्तां १८८० साली गेला. डॉक्टर मंडळी प्रेत मागतील या भीतीनं घरच्यांनी ते उन्हात तसंच ठेवलं, कुजू दिलं, आणि मग नेहमीपेक्षा खोल खड्ड्यात पुरलं. आयुष्यभर लोकांनी त्याच्या पोटात डोकावून पाहिलं होतं. निदान मेल्यावर तरी कुणी पाहू नये, इतकंच घरच्यांना वाटलं असेल.

यानंतरचा काळ ॲसिडचा. १९१० मध्ये द्रागुतिन श्वार्त्स या क्रोएशियातल्या सर्जननं मांडलं की ॲसिड नसेल तर अल्सर नाही. अल्सर म्हणजे पोटात किंवा त्याच्या पुढच्या आतड्यात पडणारी जखम. मग सगळे उपाय ॲसिड मारायचे. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी १९१५ मध्ये पथ्य सांगितलं, दर तासाला दूध आणि साय, सोबत सोड्यासारखी चूर्णं. काहींचं पोट कापून अर्धं काढून टाकलं. ॲसिड होतंच, ते नाकारायचं कारण नाही. पण ॲसिड तर सगळ्यांच्याच पोटात असतं. मग जखम याच बाईला का, हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर शोधताना बोट पोटाकडून माणसाकडे वळलं. शिकागोचेच मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या मते अल्सरच्या मुळाशी मनात दाबून ठेवलेली इच्छा असते, आपल्याला कुणी तरी जपावं अशी. ही कल्पना सोपी होऊन गावोगावच्या दवाखान्यांत पोचली. काळजी करता, चिडता, तिखट खाता, म्हणून अल्सर.

माझ्या आत्याला १९७८ मध्ये हेच सांगितलं गेलं. कुठे, कुणी, ते सोडून देते. आत्या तिशीत विधवा झालेली, दोन एकर कोरडवाहू, तीन मुलं. काळजी करू नका म्हणणं सोपं होतं. तिनं मिरची सोडली. खर्डा सोडला, ज्याच्यावर ती अर्धी भाकरी खायची. दोन-दोन तासांनी दूध प्यायची, तेही डेअरीला घालायचं दूध कमी करून. रात्री दोनला उठून बसायची. सगळ्यांचं एकच म्हणणं, तिचा स्वभावच तसा, मनाला फार लावून घेते. आत्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी मधला एक टप्पा.

दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन औषध म्हणून तयार झालं, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या गटाचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी आधी श्लेष्म्यावरच संशोधन करत होते. त्याच वाटेनं ते जंतू मारणाऱ्या नैसर्गिक द्रव्यांकडे वळले. त्यांचे सहकारी नॉर्मन हीटली यांनी रुग्णाला शौचासाठी देतात त्या भांड्यांत बुरशी वाढवली, आणि त्याच आकाराची मातीची भांडी घडवून घेतली. ती बुरशी सांभाळायला सहा तरुण मुली ठेवल्या होत्या. या हीटलींनीच १९५९ मध्ये श्लेष्म्यावर एक छोटा लेख लिहिला. त्यांनी सांगितलं की हा थर भिंतीसारखा ॲसिड अडवत नसावा. तो फक्त ढवळला जात नाही, स्थिर राहतो. पोटाच्या पेशी खालून त्यात खाण्याच्या सोड्यासारखा क्षार सोडतात. वरून ॲसिड हळूहळू आत शिरतं, वाटेतच त्याला सोडा भेटतो आणि ते मरतं.

सोड्यात लिंबू पिळलं की फसफसतं, तेच. फक्त इथे ते जेलीच्या आत, अगदी सावकाश, अष्टौप्रहर चाललेलं.

१९८० नंतर केसाहून बारीक टोकाच्या सुया या थरात घालून आम्लता मोजली गेली. पोटाच्या पोकळीत आम्लतेचं माप एक-दोन, म्हणजे कडक ॲसिड. थराच्या तळाशी, पेशींना चिकटून, जवळजवळ सात, म्हणजे साध्या पाण्यासारखं. एका मिलिमीटरच्याही आत एवढा फरक. शिवाय खालच्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, थर सतत नवा स्रवत राहतो. त्या शाळकरी मुलीला देण्यासारखं उत्तर इथे तयार झालं. बकऱ्याच्या पोटाला हा थर नव्यानं बनवता येत नाही, आणि जो होता तो आपण चुन्यानं काढलेला असतो.

याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात दुसरी गोष्ट घडत होती. रॉबिन वॉरन हे तिथल्या इस्पितळात सूक्ष्मदर्शकाखाली पोटाचे तुकडे तपासायचे. १९७९ मध्ये त्यांना श्लेष्म्याच्या आडोशाला, पेशींना लागून, वळणदार जंतू दिसले. सगळे म्हणत, पोटातल्या ॲसिडमध्ये जंतू जगत नाहीत. बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघं जंतू वाढवून पाहत होते, पण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी फेकली जायची. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा चुकून जास्त दिवस राहिल्या, आणि जंतू उगवले. विरजण लागायला वेळ द्यावा लागतो, तसंच.

तरी लोक मानेनात. १९८४ मध्ये मार्शलनी जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. बायकोला आधी सांगितलं नाही. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला. दहाव्या दिवशी तपासलं तर पोटाला सूज आणि जंतू दोन्ही हजर. घरी कळल्यावर बायको एड्रियननं औषध घ्यायला लावलं. घरात लहान मुलं होती. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं.

या जंतूची युक्ती ऐकण्यासारखी आहे. आपण शेताला टाकतो तो युरिया थोडा आपल्या शरीरातही असतो. हा जंतू युरिया फोडून अमोनिया करतो. अमोनियानं भोवतालचं ॲसिड मरतं, आणि ॲसिड कमी झालं की पोटातली ती घट्ट जेली पातळ होते. मग हा तीत पोहत खाली उतरतो. आपल्याला वाचवणाऱ्या रजईत शिरून झोपतो म्हणा ना. हेलिकोबॅक्टर पायलोरी असं त्याचं नाव. जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांत तो असतो, आणि बहुतेकांना काही त्रास देत नाही. देतो त्यांना मात्र जखमेपर्यंत नेतो.

आत्याला १९९७ मध्ये चुलतभावानं शहरात नेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली, जंतू निघाला, दोन आठवडे गोळ्या दिल्या. रात्रीचं उठणं थांबलं. तिला मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे वीस वर्षं मिरची उगाच सोडली?" आणि थोड्या वेळानं, "मग माझा स्वभाव नव्हता तर."

काळजीचा पोटाशी काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. ताणात पोट बिघडतं हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. पण आजाराचं कारण सापडत नाही तोवर ते आजारी माणसाच्या स्वभावात शोधायचं, ही सवय वाईट. आणि तो माणूस बाई असेल तर शोधणाऱ्यांना फार शोधावंही लागत नाही.

हा थर इतकी वर्षं दुर्लक्षित राहिला याचं एक साधं कारणही आहे. तो दिसतच नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला आतड्याचा तुकडा ज्या पाणीदार द्रावणात ठेवतात, त्यात तो आकसून, वाहून जायचा. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत नकळत तेच करत होते जे आपण वजडीचं करतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटानं, म्हणजे मालिन योहान्सन, गुन्नार हान्सन आणि सहकाऱ्यांनी, पाणी नसलेलं द्रावण वापरलं. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की मोठ्या आतड्यात एक नाही, दोन थर असतात. बाहेरचा सैल, त्यात जंतूंची वस्ती. आतला घट्ट, पेशींना धरून, आणि त्यात जंतू जवळजवळ नाहीत. उंदरात हा आतला थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ होता. तेवढ्या अंतरावर अब्जावधी जंतू एका बाजूला, आणि आपलं रक्त दुसऱ्या बाजूला.

२०१६ मध्ये महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांचा चोथा बंद केला. माणसाच्या आतड्यातले जंतू त्यांच्यात सोडलेले होते. भाजी-धान्यातला चोथा मिळेना तेव्हा काही जंतू श्लेष्माच खायला लागले. थर पातळ झाला, आणि नंतर दिलेला रोगाचा जंतू आत शिरून उंदीर आजारी पडले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तरी ज्वारीची भाकरी सोडून पांढऱ्या पावावर आलेल्या घरांबद्दल मला हे वाचून विचार पडला.

एक राहिलं, आणि खरं तर त्यासाठीच मी हा विषय घेतला. ऊसतोडीला, भांगलणीला जाणाऱ्या कितीतरी जणी कंबर दुखते म्हणून रोज दुकानातून गोळी घेतात. पाळीच्या दिवसांत घेतात, उपवासाला रिकाम्या पोटी घेतात. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी शोधलं की ॲस्पिरिनसारख्या गोळ्या शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनू देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. पण तेच द्रव्य पोटाला श्लेष्मा आणि सोडा सोडायला सांगत असतं. १९७९ मध्ये आंद्रे रॉबर्ट यांनी उंदरांना हे द्रव्य आधी दिलं, मग पोटात चक्क उकळतं पाणी सोडलं, तरी आतल्या त्वचेला जखमा झाल्या नाहीत. गोळी हे कवचच काढून घेते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सगळ्या याच घरातल्या. जेवून घेतली तर जळजळ कमी होते, पण धोका संपत नाही, कारण गोळी रक्तातून काम करते. इंजेक्शन घेतलं तरी तेच. पॅरासिटामॉल या घरातली नाही, पोटाला ती सौम्य. तीही किती घ्यायची ते विचारूनच.

रोज गोळी लागत असेल तर ती कोणती आहे, हे पाकीट नेऊन डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना दाखवा. आणि शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली तर पोटात रक्त जात असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, म्हणून लगेच घाबरू नका. पण गरगरत असेल, घाम सुटत असेल, रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. रात्र असली तर १०८ ला फोन करा.